सर्पगंधा लावली, तरी धामण आलीच!

वळवाचे दोन पाऊस पडून गेले की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मार्च-एप्रिलमध्ये 'झाड वाळलं' म्हणून रडगाणं, मेअखेरीला 'काय लावू' म्हणून घाई. यंदा एक गंमत झाली. आलेल्या सव्वीस पत्रांपैकी अकरा एकाच झाडाची निघाली. सर्पगंधा. 'दारात सर्पगंधा लावा, साप शंभर फूट लांब' असला निरोप मोबाइलवरून अख्ख्या जिल्ह्यात फिरलेला दिसतोय. म्हणून या महिन्याचं सदर सगळंच्या सगळं तिला दिलं. लिंबू आणि मोगऱ्याच्या मंडळींनी रागावू नये, पुढच्या अंकात त्यांचाच नंबर.

नव्या वाचकांसाठी एकदा सांगते. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही, प्राध्यापकही नाही. एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. झाडं कागदात दाबायची, वाळवायची, चिकटवायची आणि खाली सुवाच्य अक्षरात नाव लिहायचं, हे माझं काम. आता कळंब्याला घर आहे, घरामागं दीड गुंठा जागा आहे आणि तिथं सर्पगंधेची चौदा रोपं आहेत. ती चौदा जगवताना किती मारली, ते ओघात येईलच.

प्रश्न : ताई, आमचं घर उसाच्या रानाला लागून आहे. दर पावसाळ्यात दोन-तीन साप निघतात. म्हणून दीडशे रुपयांना एक अशी सर्पगंधेची दोन रोपं आणून दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवली. परवा त्यातल्याच एका कुंडीमागून धामण निघाली. रोप खोटं आहे का? – एक वाचक, कसबा बावडा

रोप खोटं असेलही, ते पुढं बघू. पण खरं असतं तरी धामण आलीच असती.

सर्पगंधेच्या नावात साप आहे तो दोन कारणांनी. एक तर तिची मुळं वेडीवाकडी, नागमोडी जातात. दुसरं म्हणजे सापाच्या आणि विंचवाच्या विषावर तिची मुळी देण्याची फार जुनी पद्धत होती. शास्त्रीय नावातही 'सर्पेंटिना' आहेच. 'राऊवोल्फिया' हा पहिला शब्द सोळाव्या शतकातल्या लेओनहार्ट राऊवोल्फ नावाच्या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ दिलेला. नावाची एवढीच गोष्ट. तिच्या वासानं साप पळतो, हे नंतर कुणीतरी चिकटवलेलं शेपूट. मी रोज तिच्या पानांत हात घालते. माझ्या नाकाला तरी काही वास येत नाही. साप जीभ बाहेर काढून हवेतले कण टिपतो आणि त्यावरून माग काढतो. त्याला तुमच्या दारात उंदराचा माग लागला की मध्ये कुंडी कसली आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

तेव्हा पैसे झाडावर नको, कष्ट आवारावर घाला. भिंतीला लागून रचलेल्या शेणी, फाटी आणि विटा हलवा. कोंबड्यांचं खाद्य रात्री उघडं ठेवू नका. मोरीच्या पाइपला जाळी बसवा. रात्री दारात निघताना बॅटरी घ्या. धामण बिनविषारी आहे आणि तुमचे उंदीर तीच खाते. तिला जाऊ द्या.

आणि हे डोक्यात पक्कं बसवा. खरोखर साप चावला तर मुळी उगाळत बसायचं नाही, चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि सरळ सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), नाहीतर जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. आपल्याकडं मिळणारी सापाच्या विषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. सर्पगंधेच्या मुळीत तसलं काही नाही. उगाळण्यात गेलेला अर्धा तास पुन्हा मिळत नाही.

आता रोप खरं की खोटं. या बाबतीत मी स्वतः दोन वर्षं फसले होते, म्हणून सविस्तर सांगते.

नोकरीला लागून सहाच महिने झाले होते. रस्त्याकडेच्या एका गाडीवाल्याकडून मोठ्या हौसेनं 'सर्पगंधा' आणली. तिनं काय अंग धरलं म्हणता! वर्षात कमरेएवढी झाली. शेजारणींना दाखवून झालं, फांद्या तोडून वाटूनही झाल्या. दुसऱ्या वर्षी फळं धरली. आधी हिरवी, मग लाल, मग काळी. झुडपावर एकाच वेळी तिन्ही रंगांची. ते बघून मला कसंतरीच झालं, कारण त्याच आठवड्यात विभागातल्या कपाटात खऱ्या सर्पगंधेचा नमुना मी माझ्या हातानं नीट लावून ठेवला होता. घरी आले, पानं मोजली, आणि कपाळावर हात मारला. ती सर्पगंधेची अमेरिकेहून आलेली चुलत बहीण होती, राऊवोल्फिया टेट्राफिला. काहीजण तिला बडी चंद्रिका म्हणतात. ती कुठंही, कशीही वाढते आणि सर्पगंधा म्हणून खुशाल विकली जाते.

तुम्ही आता कुंडीपाशी जा आणि पानं मोजा. खऱ्या सर्पगंधेला एका पेरावर बहुतेक तीन पानं असतात, लांबट, टोकाला निमुळती, वरून चकचकीत आणि साधारण सारख्या मापाची. चुलत बहिणीला चार असतात आणि चारांत दोन मोठी, दोन बारकी, जणू घरातली थोरली-धाकटी. फूल आलं तर शंकाच उरत नाही. खरीचा गुच्छ पांढरा, पण फुलाची नळी गुलाबी आणि देठ लालभडक. लांबून वाटतं, पांढऱ्या फुलांत कुणीतरी कुंकवाचं बोट फिरवलंय. खोटीचं फूल बारकं, मळकट पांढरं, लालीचा पत्ता नाही. फळ खरीचं वाटाण्याएवढं, पिकून जांभळट काळं. कधी एकटं, कधी दोन जोडून आलेलं. उंचीनंही खरी नेमस्त. गुडघ्याएवढी, फार तर मांडीएवढी. कमरेच्या वर गेली की संशय घ्या.

खोटी निघाली तरी पोरं आणि जनावरं तिच्यापासून लांबच ठेवा. तीही विषारीच आहे.

प्रश्न : गच्चीवर कुंडीत लावलेली सर्पगंधा उन्हाळाभर छान होती. गेल्या जुलैत पानं पिवळी पडून गळली आणि ऑगस्टमध्ये रोप गेलं. खत कमी पडलं का? यंदा पुन्हा लावायची आहे. – एक वाचक, राजारामपुरी

खत नाही हो, पाणी. तुमच्या सर्पगंधेला बुडवून मारली.

तुमचा दोष नाही, कोल्हापूरच्या पावसाचा आहे. मला तिथूनच यावर उत्तर शिकायला मिळालं. प्रयाग चिखली माझं माहेर. आईच्या परसात मी बारा रोपं लावली होती, चार वर्षांची, भरलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गावात आलं. पाणी उतरल्यावर भावाबरोबर गेले. गुडघाभर गाळ, त्यातून काड्या वर आलेल्या. एक काडी धरून ओढली तर मूळ वरच्या सालीसकट सुटून हातात आलं आणि हाताला कुजक्या बटाट्यासारखा वास. बाराच्या बारा गेली. आई जोत्यावर बसून बघत होती. म्हणाली, "झाडाला पाणी पाजावं, बुडवू नगंस म्हणून तुला ल्हानपणापासनं सांगत आली. आता नदीला कोण सांगायचं?"

गंमत अशी की ही बाई पावसाच्याच मुलखातली. सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीला ती आपसूक उगवते. मग पावसानं मरते कशी? कारण जंगलात ती उतारावर, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत मातीत असते. वरून धो-धो कोसळलं तरी खाली थांबत नाही. आपण तिला काळ्या चिकट मातीच्या कुंडीत घालतो आणि खाली ताटली ठेवतो. ती ताटली पहिल्यांदा फेकून द्या.

माझं मिश्रण असं. जोतिबा-पन्हाळ्याच्या बाजूची लाल माती दोन घमेली, चांगलं कुजलेलं शेणखत एक घमेलं, आणि वाळू किंवा विटांचा चुरा मिळून एक घमेलं. लाल माती मी हौसेनं सांगत नाही. सर्पगंधेला किंचित आम्लाकडं झुकणारी माती मानवते आणि आपल्या घाटमाथ्याची जांभ्याची माती तशीच असते. शिरोळकडच्या मंडळींनी तर घरची काळी माती वापरूच नये. तिथं क्षारही आहेत आणि निचराही नाही.

कुंडी रुंद नको, खोल हवी. मूळ खाली हातभर जातं. बाजारातल्या देखण्या बुटक्या कुंड्यांत ते तळाला जाऊन वेटोळं घालून बसतं. मी गोडेतेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे वापरते. तळाला खिळ्यानं आठ-दहा भोकं, शिवाय चारी बाजूंना तळापासून दोन बोटं वर एकेक भोक. तळाला खापरीचे तुकडे. डबा दोन विटांवर ठेवायचा, म्हणजे भोकं गच्चीला चिकटत नाहीत. गंजून तीन-चार वर्षांत डबा जातो, पण तोवर मूळही काढायला येतं, त्यामुळं हिशेब बरोबर बसतो.

ऊन सकाळचं द्या, दहा-साडेदहापर्यंत. पुढं शेवग्याची किंवा नारळाची विरळ सावली पुरे. गच्चीवर झाड नसेल तर हिरवी जाळी बांधा. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी, तेही बोट घालून बघून. पहिलं पेर मातीत गेल्यावर ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. बुडाशी उसाचं पाचट हाताएवढे तुकडे करून पसरा. आपल्याकडं ते फुकट मिळतं आणि लोक पेटवून देतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते पाचट काढून घ्या, नाहीतर बुडाशी बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये डबे पत्र्याच्या वळचणीखाली सरकवा. पागोळ्या अंगावर पडू देऊ नका.

पिवळेपणाचेही प्रकार असतात. खालची जुनी पानं अख्खी पिवळी होऊन गळत असतील आणि माती ओली असेल, तर मुळं गुदमरलीत. कोवळी वरची पानं पिवळी पण शिरा हिरव्याच, असं असेल तर तुमचं बोअरचं पाणी जड आहे. त्या कुंडीला पावसाचं किंवा नळाचं पाणी द्या. आणि डिसेंबरात खालची पानं झडून रोप भकास दिसायला लागलं, तर काहीच करू नका. थंडीत ती अशीच असते. मला दरवर्षी जानेवारीत 'झाड मेलं, फेकू का' म्हणून दोन-तीन पत्रं येतात. फेकू नका. फेब्रुवारीच्या शेवटी बुडातून लालसर कोंब येतो.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या पन्नास बियांपैकी एकही उगवली नाही. फसवणूक झाली म्हणायची का? – एक वाचक, इचलकरंजी

बियाणं जुनं असणार, एवढंच म्हणते. सर्पगंधेच्या बीवर दगडासारखं कवच असतं आणि वय वाढेल तशी तिची उगवण झपाट्यानं उतरते. पाकिटात वर्षभर पडलेली बी म्हणजे खडेच.

ताजी बी मिळाली तर फळ काळं झाल्याबरोबर तोडा, पाण्यात चोळून गर काढा आणि तांब्यात टाका. तरंगेल ते फेका, बुडेल ते ठेवा. चोवीस तास भिजवून वाळू-शेणखताच्या वाफ्यात बोटाच्या पेराएवढी खोल पेरा. मग धीर धरा. तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही उगवते, एक आज, एक पंधरा दिवसांनी. गेल्या वर्षी पन्नास ताज्या, बुडलेल्या बिया पेरल्या तेव्हा माझी नऊ रोपं झाली आणि मी पेढे वाटायच्या बेतात होते.

सोपी वाट दुसरी आहे. ओळखीच्या कुणाकडं जुनं रोप असेल तर आत्ता, पाऊस धरायच्या आधी, पेन्सिलीएवढं जाड मूळ मागून घ्या. धारदार सुरीनं दोन-दोन इंचांचे तुकडे करा आणि ओल्या वाळूत आडवे ठेवून वर दोन बोटं माती घाला. तीन-चार आठवड्यांत कोंब येतात. निम्मे तुकडे फुटले तरी धंदा फायद्यात. काम झाल्यावर हात साबणानं धुवा, चीक डोळ्याला लावू नका.

प्रश्न : आमच्या सासूबाईंना ब्लडप्रेशरचा त्रास आहे. गोळी चालू आहे, पण त्यांचा गोळ्यांवर विश्वास नाही. परसात तीन वर्षांची सर्पगंधा आहे. मुळी सहाणेवर उगाळून दुधातून किती द्यावी? – एक वाचक, गारगोटी

एक वळसासुद्धा नाही. तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. अकरांतल्या बाकीच्या चौघांनी 'देतो, उत्तम गुण आहे' असं नुसतं कळवलंय. त्यांच्यासाठीही हेच उत्तर.

मुळी काम करत नाही म्हणून नको म्हणत नाहीये. ती फार काम करते, म्हणून नको.

आपल्याकडं वेडावर आणि निद्रानाशावर तिचा वापर शेकडो वर्षांचा. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि वेड या दोन्हींवरच्या तिच्या गुणाविषयी लिहिलं. त्याच सुमारास सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. मग १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि जगाचे कान टवकारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य, रेसर्पिन, शुद्ध स्वरूपात काढलं. आपल्या रानातल्या या गुडघाभर झुडपानं जगाला रक्तदाबाच्या पहिल्या चांगल्या औषधांपैकी एक दिलं. त्याचा मला कोण अभिमान आहे म्हणून सांगू! एकतीस वर्षं तिचा नमुना मी सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवत होते.

पण रेसर्पिनची गोळी असायची पाव मिलिग्रॅमची, किंवा त्याहून लहान. आता मुळीचा हिशेब ऐका. औषधी मुळीत रेसर्पिनच्या गटातली द्रव्यं शेकडा ०.१५ तरी असावीत असा अमेरिकी औषधसंहितेचा निकष होता. म्हणजे एक ग्रॅम वाळल्या मुळीत दीड मिलिग्रॅम, सहा गोळ्यांचा ऐवज. तुमच्या सहाणेवर किती उतरलं, अर्धा ग्रॅम की दोन, हे तुम्ही सांगू शकाल? मी तर नाहीच. शिवाय झाडाझाडात, मातीमातीत आणि ऋतूऋतूत ते प्रमाण बदलतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. हे द्रव्य अंगात सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. नसांच्या टोकाशी साठलेली जी द्रव्यं रक्तवाहिन्या आवळायचा निरोप देतात, त्यांचा साठाच ते रिकामा करत जातं. म्हणून पहिले चार दिवस काही वाटत नाही. मग घरातलं माणूस म्हणतं, गुण येत नाही, दोन वळसे जास्त घाला. आठ-दहा दिवसांनी दाब एकदम खाली. त्यात डॉक्टरांची गोळी चालू आहेच. पहाटे उठून मोरीकडं जाताना सासूबाई चक्कर येऊन पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं, तर दोष सहाणेचा की तुमचा?

तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. ही मुळी मन खचवते. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासी आल्याचं डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच टिपलं होतं. म्हातारं माणूस गप्प बसायला लागलं, जेवेना, टीव्हीकडं बघेना, तर आपण म्हणतो वय झालं. नाक सतत चोंदणं, गळून गेल्यासारखं होणं, झोप-झोप होणं हेही त्यातलंच. पोटात अल्सर असलेल्यांना, गरोदर बाईला आणि आधीच मन खचलेल्या माणसाला तर तिच्या जवळपासही नेऊ नये.

आयुर्वेदाचे वैद्य ती वापरतात, पण शुद्ध करून, मोजून, इतर द्रव्यांबरोबर आणि रोग्याला समोर बसवून. सासूबाईंचा कल तिकडं असेल तर चालू गोळीचं पाकीट बरोबर घेऊन शिकलेल्या वैद्याकडं जा आणि दोघा डॉक्टरांना एकमेकांचं औषध सांगा. गोळी परस्पर बंद करू नका. आणि त्यांनी आधीच गुपचूप मुळी चालू केली असेल (सासवा करतात, मीही एक सासू आहे), तर न ओरडता विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

परसातलं झाड मात्र ठेवा. काळी फळं नातवंडांच्या हाताला लागणार नाहीत एवढं बघा, बस्स.

प्रश्न : सर्पगंधेवर बोटाएवढी जाड हिरवी अळी आहे. एका रात्रीत अर्धं रोप खाल्लं. कुठलं औषध फवारू? – एक वाचक, जयसिंगपूर

फवारू नका, उचला. मानेवर निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके आणि शेपटीला आखूड पिवळसर शिंग असेल तर ती कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. तुमच्याकडं सदाफुली, तगर किंवा कण्हेर असणार, त्यांवरूनच आली. डिवचली की मान आत घेऊन ते खोटे डोळे वटारते. मोठा नाटकी प्राणी आहे. चिमट्यानं उचलून लांबच्या कण्हेरीवर नेऊन सोडा. पतंग झाला की हिरव्या-गुलाबी संगमरवरासारखा दिसतो, बघून दिवस सार्थकी लागेल. रोपाला बुडातून पुन्हा फूट येते.

त्यापेक्षा मूळ उकरून त्यावर गाठी दिसतात का ते बघा. दिसल्या तर सूत्रकृमी आहे आणि तो खरा शत्रू. वांगी-टोमॅटोच्या जुन्या वाफ्यातली माती कुंडीत घातली की हमखास येतो. नव्या मातीत मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि शेजारी झेंडू लावा.

प्रश्न : उसाला पर्याय म्हणून वीस गुंठ्यांत सर्पगंधा लावायचा विचार आहे. किती पैसे होतील? – एक वाचक, गडहिंग्लज

पैशाचं विचारू नका, गिऱ्हाइकाचं विचारा. ऊस तोडून कारखान्याला जातो, बिल उशिरा का होईना येतं. सर्पगंधेची मुळं दोन-अडीच वर्षांनी निघणार, थंडीत, पानं झडल्यावर. तोवर रान अडकलेलं. तेव्हा मुळी कोण घेणार, कुठल्या प्रतीची आणि कशी वाळवलेली घेणार, हे आधी लेखी घ्या. रोपं देणारा आणि 'माल मीच घेतो' म्हणणारा एकच माणूस असेल तर जरा दमानं.

तरीही हौस असेल तर यंदा दोनच गुंठे करा. गादीवाफे, दीड ते दोन फुटांवर ओळी, ओळीत फूटभर अंतर. काढताना साल सोलवटू देऊ नका, बहुतेक औषध सालीतच असतं. धुवा, पण खरवडू नका. परदेशी व्यापारासाठी ही वनस्पती साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे कागदपत्रांशिवाय माल देशाबाहेर जात नाही. त्यामुळं लागवडीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. खरेदीची पावती, लावल्याची तारीख, फोटो, सगळं.

प्रश्न : काकू, मी कॉलेजला आहे. दाजीपूरच्या बाजूला ट्रेकला गेलो होतो तेव्हा एका झाडाखाली लाल देठाची पांढरी फुलं दिसली. फोटोवरून सर्पगंधाच वाटते. पुढच्या खेपेला एक रोप उपटून आणलं तर चालेल का? एकच. – एक विद्यार्थी, कोल्हापूर

फोटो बघितला. तीच आहे. तीन पानं, लाल देठ, खाली पाचोळा, आणि कडेला तुझ्या बुटाचं टोक.

नाही चालणार. दाजीपूर राधानगरी अभयारण्यात येतं आणि तिथून पानसुद्धा उपटायला कायद्यानं मनाई आहे, हे एक. दुसरं म्हणजे रानातलं रोप उपटलं की मूळ तुटतं आणि दहातली आठ मरतात. मी तरुणपणी केलंय हे पाप, म्हणून ठाऊक. तिसरं, ही रानातून नाहीशी झाली ती अशीच. मूळच औषधी, म्हणजे मुळी काढायची तर अख्खं झाड मारावं लागतं. तुळशीसारखी चार पानं खुडून भागत नाही. मुळीला बाजार आला आणि पोत्यांनी उपसली गेली. प्रत्येकानं एकेकच झाड उपटलं असणार.

तू त्या जागेचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला नाहीस ना? टाकला असशील तर आजच काढ.

रोप हवं असेल तर माझ्याकडचं ने. या रविवारी दोन जुन्या डब्यांतली मुळं काढणार आहे, त्याचे तुकडे देते. पत्ता मासिकाच्या कचेरीत मिळेल. येताना तेलाचा रिकामा डबा आण, भोकं घरूनच पाडून आण, माझा खिळा बोथट झालाय. आणि बूट वाळवून ये, गेल्या वेळी आलेल्या पोरांनी ओसरीभर चिखल केला होता.